भंगुर तारा फोटोवरून कितपत ओळखता येतो?

नाताळच्या सुट्टीपासून होळीपर्यंत माझ्या फोनवर समुद्री प्राण्यांच्या फोटोंची भरती चालू असते. वडोदऱ्याची मंडळी द्वारका-ओखा करतात, परतताना जामनगरच्या बाजूला नराऱ्याच्या प्रवाळावर ओहोटीत पायी फिरतात, कोणी अंदमानला जातात, कोणी मालवणच्या नातलगांकडे राहून येतात, आणि घरी पोहोचण्याआधीच "मावशी, हा कुठला स्टारफिश?" हा प्रश्न फोटोसह माझ्याकडे येतो. मी पदवीच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिके शिकवली असल्याने प्रश्न योग्य ठिकाणी येतो, पण उत्तराने बहुतेकांची निराशा होते. दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारणीच्या मुलीने परवा पाठवलेला फोटो अतिशय देखणा होता, त्यात दगडाच्या कपारीतून निघालेल्या जांभळट, पट्टेदार भुजा होत्या, आणि तरीही मला "हा भंगुर तारा आहे, बहुधा ऑफिओट्रिकिडी कुळातला" यापलीकडे काही सांगता आले नाही. भंगुर तारा (इंग्रजीत ब्रिटल स्टार) म्हणजे तारामाशाचा बारीक, सहज तुटणाऱ्या भुजांचा नातलग. "एवढेच?" असे तिने विचारले. या "एवढेच"पर्यंत कसे पोहोचतात आणि पुढची वाट कुठे अडते, ते सविस्तर लिहावे असे त्यामुळे वाटले.

वडोदऱ्याला समुद्र नाही, आणि त्यातल्या त्यात जवळचे खंभातचे आखात प्रवाळाच्या उपयोगाचे नाही. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या नद्या तेथे एवढा गाळ आणून टाकतात की पाण्यात उजेड खोल जात नाही आणि प्रवाळाला चिकटायला टणक तळही मिळत नाही. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर मात्र खडकाळ पठारे आहेत, आणि तेथे पोराइट्स, फॅव्हिया, गोनिओपोरा असे गोलसर, दणकट वाढणारे प्रवाळ ओहोटीचे ऊन, गढूळपणा आणि हिवाळ्यातला गारवा सोसून टिकले आहेत. हा भाग १९८० मध्ये समुद्री अभयारण्य म्हणून आणि त्यातला काही भाग १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला, आणि समुद्रातले देशातले पहिले राष्ट्रीय उद्यान ते हेच. आखाताच्या तोंडाशी असलेले ओखामंडळ तर बडोदा संस्थानचाच भाग होते. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल या समुद्रजीवशास्त्रज्ञाकडून ओखामंडळाच्या सागरी प्राण्यांचा अहवाल करून घेतला, त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा पाहायला आम्ही सगळेच लहानपणी गेलो आहोत, पण समुद्रापासून इतक्या दूरच्या या राजधानीने आपल्या किनाऱ्यावरच्या बारीकसारीक प्राण्यांचीही अशी नोंद करवून घेतली होती, हे येथल्या मराठी घरांत फारसे कोणाला माहीत नसते.

आता ओळखीकडे वळू. फोटोत दिसते ते कंटकचर्मी, म्हणजे तारामाशांच्या काटेरी त्वचेच्या गोतावळ्यातले, आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. कपारीतून बाहेर आलेले लांब, वळवळते काही दिसले की लोक त्याला तारा म्हणतात, पण टेरेबेलिडी कुळातले कृमीही आपले शरीर बिळात ठेवून पांढरट धागे बाहेर पसरतात. हे धागे मऊ असतात, त्यांना सांधे किंवा काटे नसतात आणि ते ताणले जातात व आखडतात. भंगुर ताऱ्याची भुजा आखूड होत नाही, कारण तिच्या आत मणक्यांप्रमाणे एकामागे एक जोडलेल्या कॅल्साइटच्या (चुनखडीतल्या खनिजाच्या) तुकड्यांची माळ असते. नीट पाहिले तर प्रत्येक सांध्याची रेघ आणि दोन्ही बाजूंचे काटे दिसतात. आठवड्याच्या सुट्टीत प्रवाळावर साप दिसला म्हणून घाबरून पाठवलेला एक फोटो सिनॅप्टिडी कुळातल्या समुद्रकाकडीचा होता. लांब, लिबलिबीत शरीर आणि तोंडाभोवती पिसांसारख्या स्पर्शिका असा हा प्राणी सापाशी काहीही नाते सांगत नाही, पण ताऱ्याशी मात्र सांगतो.

कंटकचर्मींच्या सुमारे ७,००० जाती आज जिवंत आहेत आणि त्या सगळ्याच्या सगळ्या समुद्रात राहतात. शरीरातल्या क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखण्याची सोय त्यांच्याजवळ नसल्याने गोड्या पाण्यात त्यांना थारा नाही. आमच्या वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीत मगरी हव्या तेवढ्या मिळतील, पण तारा एकही मिळणार नाही. या जातींचे पाच वर्ग पडतात, ते म्हणजे तारामासे, भंगुर तारे, समुद्री साळू अर्थात अर्चिन, समुद्रकाकड्या आणि फेदर स्टार. गोंधळ होतो तो मुख्यतः पहिल्या दोघांत, आणि काही वेळा शेवटच्या वर्गात.

तारामासा आणि भंगुर तारा यांत फरक करायला लोक भुजांची जाडी पाहतात. ते बहुतेक वेळा चालते, पण नेहमी नाही. भुजा मधल्या तबकडीला कशी जोडली आहे, ही खूण अधिक भरवशाची आहे. तारामाशात भुजा रुंद होत होत तबकडीत मिसळतात, त्यामुळे तबकडी कुठे संपली ते बोट ठेवून दाखवता येत नाही, आणि जठराच्या शाखा व जननग्रंथीही भुजांच्या आत शिरलेल्या असतात. भंगुर ताऱ्यात तबकडी वेगळी, गोल किंवा पंचकोनी असते, भुजा तिच्या खालून निघाल्यासारख्या दिसतात, आणि पोट व जननग्रंथी तबकडीतच राहतात. त्याहून पक्की खूण खालच्या बाजूला आहे. तारामाशाच्या प्रत्येक भुजेखाली तोंडापासून टोकापर्यंत उघडी खाच असते आणि तिच्यातून नलिकापादांच्या, म्हणजे नळीसारख्या बारीक, मऊ पायांच्या, रांगा बाहेर येतात. भंगुर ताऱ्यात ही खाच पट्टिकांनी झाकलेली असते, आणि नलिकापाद पट्टिकांच्या कडेच्या बारीक छिद्रांतून डोकावतात. अंदमानच्या फोटोंत कधीकधी येणारा कुल्सिटा हा फुगीर, जवळजवळ भुजाच नसलेला प्राणी या खुणेमुळेच तारामासा ठरतो, कारण त्याला उलटा पाहिला की पाच खाचा स्पष्ट असतात. लिंकिया वंशाच्या निळ्या किंवा ठिपकेदार ताऱ्यांच्या भुजा लांब, गोल आणि तबकडीच्या मानाने बारीक असतात, म्हणून त्यांना भंगुर तारा समजण्याचा मोह होतो, तेव्हाही हीच खाच निर्णय देते.

नलिकापादांना चूषक (चिकटून धरणाऱ्या वाट्या) आहेत का, हे विद्यार्थी पाठ करून येतात, पण ती खूण मी दुय्यम मानते. भंगुर ताऱ्यांच्या नलिकापादांना चूषक नसतात हे बरोबर आहे, परंतु गुजरातच्या वाळूत मिळणारा ॲस्ट्रोपेक्टेन हा तारामासा असूनही त्याचे नलिकापाद टोकदार आणि चूषकहीन असतात, कारण त्याला खडकाला चिकटायचे नसून वाळूत पुरून घ्यायचे असते. शिवाय चूषक फोटोत दिसत नाहीत. त्यापेक्षा छोटासा व्हिडिओ पाठवावा असे मी सगळ्यांना सांगते, कारण तारामासा नलिकापादांवर सावकाश सरकतो आणि त्याच्या भुजा जवळजवळ जागच्या जागी राहतात, तर भंगुर तारा भुजा वल्ह्यांच्या जोडीप्रमाणे मारत झपाट्याने दगडाखाली जातो. ही चाल एकदा पाहिली की वर्गाबद्दल शंका उरत नाही.

फेदर स्टारचे तोंड वरच्या बाजूला असते, आणि उरलेले तारे तोंड खाली करून बसतात. त्याच्या भुजांच्या दोन्ही बाजूंना पिसाच्या तंतूंप्रमाणे शाखा असतात आणि तबकडीच्या खाली खडकाला धरून ठेवणाऱ्या नखासारख्या आकड्यांचे एक वर्तुळ असते. भुजा बहुतेकदा दहा किंवा त्याहून पुष्कळ जास्त भरतात. फांद्या फुटलेल्या भुजा पाहून मात्र लगेच फेदर स्टार म्हणू नये, कारण बास्केट स्टार हे भंगुर ताऱ्यांतच मोडतात आणि त्यांच्या भुजांना पुन्हा पुन्हा फाटे फुटतात. हे प्राणी रात्री भुजा उघडून अन्नकण पकडतात. त्यांच्याच गणातले काही तारे भुजांना फाटे नसतानाही सी फॅन या पंख्यासारख्या प्रवाळाच्या फांद्यांना वेढे घालून राहतात. भुजा उभ्या पातळीत अशी गुंडाळणे बाकीच्या भंगुर ताऱ्यांना साधत नाही, त्यांच्या भुजा मुख्यतः आडव्याच वळतात. म्हणून फोटोत भुजेचा घट्ट वेढा दिसला तर अर्धे काम झाले असे मी समजते.

येथपर्यंत फोटो पुरतो. खरी अडचण भंगुर ताऱ्यांच्या वर्गात शिरल्यावर सुरू होते, कारण त्यांच्या २,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यांचे वर्गीकरण करणाऱ्यांनी बहुतेक कुळे तोंडावरून वेगळी केली आहेत. तबकडीच्या खाली, मध्यभागी पाच जबडे ताऱ्याच्या आकारात एकत्र येतात. प्रत्येक जबड्याच्या टोकाला आणि कडांना बारीक दाणे असतात, आणि ते दाणे किती, कुठे व कोणत्या आकाराचे आहेत यावर सगळे अवलंबून असते. ऑफिओट्रिकिडी कुळात जबड्याच्या टोकाला दाण्यांचा दाट झुबका असतो आणि कडा मोकळ्या असतात. ऑफिओकोमिडी कुळात टोकालाही दाणे असतात आणि कडांनाही. ॲम्फियुरिडी कुळात प्रत्येक जबड्याच्या अगदी टोकाशी दोनच दाण्यांची जोडी असते. ऑफिओडर्माटिडी कुळात कडांवर दाण्यांची सलग रांग असते आणि टोकाचा झुबका नसतो. आयल्सा क्लार्क आणि फ्रान्सिस रो यांचा हिंदी-प्रशांत महासागराच्या उथळ पाण्यातील कंटकचर्मींवरचा १९७१ चा ग्रंथ अजूनही या कामात वापरला जातो, आणि त्यातल्या किल्ल्या, म्हणजे खुणांविषयी एकेक प्रश्न विचारत नावापर्यंत नेणाऱ्या याद्या, वापरायच्या तर प्राणी उलटा करून भिंगाखाली धरावा लागतो. वरून काढलेल्या फोटोत जबडा नसतो, म्हणजे किल्लीचा पहिलाच प्रश्न अनुत्तरित राहतो.

मग फोटोवरून मी कुळाचे नाव कशाच्या आधारावर घेते, हे सांगितले पाहिजे. तो आधार भुजांवरच्या काट्यांचा आहे. भुजेच्या प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना पट्टिका असतात आणि त्यांच्यावर काट्यांची एक उभी रांग असते. ऑफिओट्रिकिडी कुळात हे काटे लांब, काचेसारखे पारदर्शक आणि कडांना करवतीसारखे दातेरी असतात, त्यामुळे भुजा केसाळ दिसते. शेजारणीच्या मुलीच्या फोटोत नेमके हेच दिसत होते. ऑफिओकोमिडी कुळातले काटे जाड, गुळगुळीत आणि ताठ बाहेर आलेले असतात, आणि तबकडीवर बारीक रव्याळ दाणे पसरलेले असतात. ऑफिओडर्माटिडी कुळातले काटे आखूड आणि तेल लावून चापूनचोपून विंचरलेल्या केसांप्रमाणे भुजेला चिकटलेले असतात, म्हणून भुजा गुळगुळीत वाटते. ऑफिओलेपिडिडी कुळातही काटे आखूडच असतात, पण तबकडी दाण्यांनी झाकलेली नसून मोठ्या, फरशीसारख्या बसवलेल्या पट्टिकांची असते. काटे दिसण्यासाठी भुजेचा फोटो बाजूने आणि जवळून हवा. लोक मात्र हौसेने वरून, सगळा प्राणी चौकटीत मावेल असा फोटो काढतात, आणि काट्यांची रांग त्यात एका धूसर कडेपुरती उरते.

तबकडीचाही उपयोग होतो. प्रत्येक भुजेच्या मुळाशी तबकडीवर दोन मोठ्या पट्टिकांची जोडी असते, ती उघडी आहे की दाण्यांखाली झाकलेली, एकमेकींना चिकटलेली आहे की दूर, हे पाहतात. ऑफिओट्रिकिडी कुळात या पट्टिका बहुधा मोठ्या, त्रिकोणी आणि उघड्या असतात. वाळूत पुरून घेणाऱ्या ॲम्फियुरिडी कुळात मात्र तबकडी लहान आणि भुजा तिच्या कित्येक पट लांब असतात, आणि फोटोत सहसा वाळूबाहेर आलेली भुजांची टोकेच तेवढी दिसतात. या कुळातल्या काही जाती धोका वाटला तर तबकडीचा वरचा भागच टाकून देतात आणि तो पुन्हा वाढवतात, म्हणून वर छप्पर नसलेला तारा मिळाला तरी तो मेलेला असेलच असे नाही.

भुजांची संख्या आणि लांबी याबाबत सगळ्यांनाच विलक्षण उत्साह असतो, पण तुटलेली भुजा पुन्हा वाढत असल्याने एखादी भुजा आखूड आणि फिकट असणे ही जातीची खूण ठरत नाही. याला एक सुरेख अपवाद आहे. ऑफिॲक्टिस साविग्न्यी ही छोटी, बहुधा सहा भुजांची जात उष्ण समुद्रांत जवळजवळ सगळीकडे आढळते आणि स्पंजाच्या छिद्रांत दाटीवाटीने राहते. तिची तबकडी मधोमध दुभंगते आणि दोन्ही अर्धे स्वतंत्र प्राणी होतात. म्हणून एका बाजूच्या तीन भुजा लांब आणि दुसऱ्या बाजूच्या तीन आखूड, अशी मांडणी दिसली, आणि तीही स्पंजात, तर फोटोवरूनही वंशाचे नाव बऱ्याच विश्वासाने घेता येते. असा फोटो आला की माझा दिवस चांगला जातो.

रंगाबद्दल मात्र माझे मत कडक आहे. लोकांना रंगच आधी दिसतो आणि सचित्र पुस्तकेही रंगानेच भुलवतात, पण एकाच जातीतले प्राणी वेगवेगळ्या रंगांचे असू शकतात आणि एकाच दगडाखाली सारख्या पट्ट्यांच्या दोन जाती बसलेल्या असू शकतात. कॅरिबियन समुद्रातला ऑफिओमॅस्टिक्स वेंड्टी, ज्याला आधी ऑफिओकोमा वेंड्टी म्हणत, हा तर दिवसा गडद तपकिरी आणि रात्री फिकट, पट्टेदार दिसतो. डोळे नसलेला हा प्राणी उजेड-अंधाराची जाण संपूर्ण शरीरावर पसरलेल्या प्रकाशसंवेदी पेशींनी ठेवतो. त्याच्या पाठीवरचे कॅल्साइटचे मणी भिंगांचे काम करतात, असा २००१ मध्ये मांडला गेलेला तर्क पुढच्या संशोधनात टिकला नाही, पण रंग बदलण्याचा या जाणिवेशी संबंध आहे हे पुढे आले. दुपारी आणि रात्री काढलेले या एकाच प्राण्याचे फोटो शेजारी ठेवले तर कोणीही त्यांना दोन जाती म्हणेल. रंग मी सगळ्यात शेवटी, आणि फक्त दुसऱ्या खुणा जुळल्यावरच विचारात घेते.

जतन केलेल्या नमुन्यांत रंग तसाही उरत नाही. अल्कोहोलमध्ये तो उतरतो आणि सगळे तारे मातकट होतात, तरीही शंभर वर्षांपूर्वीचा नमुना आजही ओळखता येतो, कारण सांगाड्याचा आकार जागेवर असतो. भारतीय सर्वेक्षण जहाज इन्व्हेस्टिगेटरने गोळा केलेले भंगुर तारे फ्रान्सच्या रेने कोहलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासले ते असेच. फॉर्मॅलिन मात्र या प्राण्यांना मानवत नाही, कारण कालांतराने ते आम्लधर्मी होते आणि कॅल्साइट हळूहळू झिजवते. जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांतल्या बरण्यांत काटे झडलेले, पट्टिका मऊ झालेले जे तारे दिसतात, त्यांचे कारण पुष्कळदा हेच असते. परवानगीने नमुना घेणारे संशोधक प्राण्याला आधी मॅग्नेशियमच्या क्षाराने गुंगी आणतात, नाहीतर अल्कोहोल लागताच तो भुजा तोडून टाकतो.

समुद्रकाकड्यांची गोष्ट आणखी पुढची. त्यांच्या बाबतीत बाहेरून दिसणारे बहुतेक सगळेच फसवे असते, आणि निर्णय त्वचेत विखुरलेल्या सूक्ष्म कॅल्साइट कणांवर होतो. त्वचेचा कणभर तुकडा काचपट्टीवर ठेवून त्यावर ब्लीचचा थेंब टाकला की मांस विरघळते आणि सूक्ष्मदर्शकाखाली टेबलांच्या, गुंड्यांच्या, जाळीदार पट्टिकांच्या आकाराचे कण राहतात. सिनॅप्टिडी कुळात ते चक्क जहाजाच्या नांगराच्या आकाराचे असतात, आणि हात लावल्यावर ती त्वचा बोटांना चिकटते ती या नांगरांमुळे. समुद्रकाकडीचे फोटो पाठवणाऱ्यांना मी जातीचे नाव सांगत नाही.

प्राणी उलटा केल्याशिवाय नाव नाही, आणि राष्ट्रीय उद्यानात तो उचलायला परवानगी नाही, हा पेच खरा आहे, आणि तो पेच तसाच राहू द्यावा असे माझे मत आहे. सगळ्या समुद्रकाकड्या २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, प्रवाळांनाही संरक्षण आहे, आणि आखातातल्या उद्यानात वन विभागाच्या परवानगीनेच जाता येते. पर्यटकाने जबडा पाहण्यासाठी ताऱ्याला हात घालण्यापेक्षा कुळाच्या नावावर समाधान मानलेले मला चालते. ताऱ्याला भुजा पुन्हा येते हे खरे असले तरी ती वाढवण्यात त्याचे अन्न आणि कित्येक महिने खर्ची पडतात.

पुढच्या वेळी फोटो काढणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. जायचे ते अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, कारण तेव्हा उधाणामुळे ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला भाग उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती-ओहोटी असते आणि अर्धे पठार पाण्यातच राहते. उथळ डबक्यात, पाण्याखाली असलेल्या प्राण्याचा फोटो घ्यावा, कारण कोरड्या हवेत काटे भुजेला चिकटतात आणि उभे आहेत की आडवे ते कळत नाही. एक फोटो सगळ्या प्राण्याचा वरून, एक तबकडी आणि भुजेच्या मुळाचा जवळून, एक भुजेच्या मधल्या भागाचा बाजूने, आणि शक्य असेल तर काही सेकंदांचा व्हिडिओ, एवढे पुरे होते. जवळ नाणे किंवा पेन ठेवले तर मापही कळते, पण जाताना ते उचलून घ्यावे. फोटोबरोबर ठिकाण, तारीख आणि प्राणी कशावर किंवा कशाखाली होता हे लिहून पाठवावे. दगडाखाली, वाळूत, सी फॅनवर की स्पंजात, यावरून निम्मी कुळे आधीच बाजूला होतात. स्पंजात असेल तर स्पंजाचाही एक फोटो हवा.